वाटणी

चिठ्ठी काउंटरवर उलगडते आणि पहिल्याच ओळीशी मी अडते. हे औषध आपल्याकडे नाही, हे मला ठाऊक असतं. सकाळपासून सहा जणांना तेच सांगून झालेलं असतं. तरी मी उठते, मागच्या कपाटापर्यंत जाते, खण ओढते, रिकाम्या खणात क्षणभर डोकावते आणि परत येते. मग म्हणते, "नाही हो काका, संपलंय."

माझ्या हाताखालचा मुलगा यावर हसतो. "मॅडम, खण रिकामा आहे हे तुम्हाला माहितीये ना?" माहितीये. पण काकांना कुठे माहितीये? बसल्या जागेवरून मान हलवली तर त्यांना वाटणार, हिनं बघितलंसुद्धा नाही. निदान कुणीतरी उठून शोधलं, एवढं तरी त्यांच्या पदरात पडावं.

फार्मासिस्टचं काम बाहेरून फार सोपं दिसतं. चिठ्ठी वाचा, खोकं काढा, पिशवीत घाला. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवशी ते तेवढं सोपं असतंही. औषध नसतं त्या दिवशी मात्र तीच चिठ्ठी गणितासारखी समोर येते, आणि या गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर दिलेलं नसतं.

'नाही'चेही प्रकार आहेत. एक आमच्यापुरतं नाही: आज संपलं, उद्या येईल. ते सांगताना जीभ अडखळत नाही. दुसरं वितरकाकडचं नाही. फोनवर तिकडून आवाज येतो, "शॉर्ट आहे, बघतो." हे 'बघतो' कसं म्हटलंय त्यावरून दोन दिवस की दोन आठवडे, याचा अंदाज बांधायला मी शिकले आहे. आणि तिसरं, सगळ्यात वाईट नाही: "वरूनच येत नाहीये."

हा 'वर' नेमका कुठे असतो, हे कितीतरी वर्षं मला माहीत नव्हतं. मीही लोकांना तेच सांगायचे, 'वरून नाही', जणू औषधं पावसासारखी पडतात. मग एकेक बातमी वाचत गेले आणि त्या 'वर'चा पत्ता सापडत गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ पोर्तो रिको बेटावर आदळलं आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांना सलाईनच्या छोट्या पिशव्या मिळेनाशा झाल्या, कारण त्या बनवणारे कारखाने त्या बेटावर होते. सलाईन म्हणजे काय, तर लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. पण ते शिरेत जाणार, म्हणून निर्जंतुक हवं, आणि निर्जंतुक ठेवण्याची सारी उठाठेव इतकी मोठी की मीठपाणीसुद्धा कुणालाही कुठेही बनवता येत नाही. पिशव्या नाहीत म्हणून नर्स मंडळी कितीतरी औषधं सिरिंजनं, हातानं, हळूहळू शिरेत सोडत उभी राहिली. सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, हेलीन वादळाचं पाणी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कारखान्यात शिरलं. त्या देशात शिरेतून द्यायच्या द्रवांपैकी सुमारे ६० टक्के त्या एकाच कारखान्यातून येत होते.

वादळच यायला हवं असंही नाही. व्हिंक्रिस्टिन हे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध सदाफुलीच्या झाडापासून मिळतं. नावातच 'सदा' असलेल्या झाडाचं औषध २०१९ मध्ये अमेरिकेत तुटलं. ते पुरवणाऱ्या दोन कंपन्या होत्या. एकीनं बनवणं थांबवलं आणि दुसरीच्या उत्पादनाला उशीर झाला. बस, एवढंच. औषध जुनं आणि स्वस्त झालं, की ते बनवण्यात कुणाला फारसा रस उरत नाही. बनवणारे कमी होत होत दोनावर येतात, आणि त्यातला एक शिंकला तरी दुसऱ्याच्या दारात रांग लागते. महागड्या नव्या औषधांची टंचाईही मी पाहिली आहे, पण जीव टांगणीला लागतो तो बहुतेक वेळा या जुन्या, साध्या औषधांपायी.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना सांगितली तर खरी वाटत नाही. कपाटात एकाच औषधाची सात कंपन्यांची सात नावं असतात, सात रंगांची खोकी. पण आतली मूळ भुकटी दोनतीन कारखान्यांतूनच आलेली असू शकते. जुलै २०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हॅलसार्टनमध्ये एनडीएमए नावाची कर्करोगकारक मानली जाणारी अशुद्धी सापडली. चीनमधल्या एका उत्पादकाची ती भुकटी होती, आणि कितीतरी देशांत कितीतरी कंपन्यांच्या गोळ्या एकदम परत मागवल्या गेल्या. मग व्हॅलसार्टन घेणारे लोसार्टनकडे वळले. पुढे लोसार्टनच्याही काही बॅचेस परत गेल्या. तुटवडा असा बाजूच्या खणात पसरतो. एक औषध संपलं की त्याचा भार शेजारच्यावर पडतो, आणि शेजारच्याला या वाढीव गर्दीची कुणी कल्पना दिलेली नसते.

आता चिठ्ठीकडे वळू.

सगळ्यात सोपा बदल कंपनीचा. औषध तेच, ताकद तीच, नाव वेगळं. कागदावर हा बदल काहीच नाही. पण आजींना औषधाचं नाव येत नसतं. त्यांना 'सकाळची गुलाबी आणि रात्रीची पांढरी' येत असते. मी त्यांना आज पांढरी आणि पांढरी देते. घरी गेल्यावर त्या दोन्ही पांढऱ्या रात्री घेतात किंवा सकाळच्या जुन्या गुलाबी गोळ्या उरल्यात म्हणून त्याही घेतात, म्हणजे तेच औषध दोनदा. म्हणून कंपनी बदलली की मी विचारते, "आजी, घरी जुन्या किती उरल्यात?" त्या म्हणतात, "असतील चारपाच." "त्या आधी संपवा. मग ह्या. दोन्ही एका दिवशी नाही." आणि खोक्यावर जाड पेननं सूर्य काढून देते. चित्रकलेत मी कधीच पास झाले नसते, पण माझा सूर्य त्यांना कळतो.

दुसरा बदल ताकदीचा. दहाची गोळी नाही, पाचच्या दोन घ्या. वीसची आहे, ती अर्धी करा. ऐकायला किती सरळ! पण प्रत्येक गोळी तोडता येत नाही. काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात म्हणून घडवलेल्या असतात. त्या तोडल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगावर येतं. काहींवरचा लेप पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी किंवा औषधापासून पोट वाचवण्यासाठी असतो. तिथे सुरी चालवली की खेळ संपला.

यातली माझी फजिती सांगते. लहान बाळाचं अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध. चिठ्ठीत ५ मिलिमध्ये १२५ मिलिग्रॅमवालं, दिवसातून तीनदा ५ मिलि. ते नव्हतं, ५ मिलिमध्ये २५० वालं होतं. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी होकार दिला, मी अडीच मिलि लिहिलं, आईला दोनदा सांगितलं, तिच्याकडून वदवून घेतलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. तीन दिवसांनी ती परत आली. "ताई, बाटली संपत आली. अशी कशी?" घरी बाळाला औषध पाजत होती तिची सासू, आणि बाटलीसोबत आलेल्या टोपणावर ५ ची रेघ ठळक होती. मागच्या वेळी ५ दिलं होतं, म्हणून याही वेळी ५. बाळाला थोडे जुलाब झाले, त्यापलीकडे काही नाही. अमॉक्सिसिलिन त्या मानानं सोशिक औषध आहे. पण मी त्या रात्री झोपले नाही. ज्या औषधात दुप्पट म्हणजे विष, तेही असंच टोपणातून दिलं गेलं असतं ना? तेव्हापासून ताकद बदलली की टोपण मी काढून घेते आणि सुईविना सिरिंज देते, तिच्यावर नेमक्या रेघेवर रंगीत चिकटपट्टी लावून. आणि विचारते, "पाजणार कोण?" जो पाजणार त्याच्याशीच बोलायचं, फोनवर का होईना.

तिसरा बदल माझ्या हातातला नाही: औषधच वेगळं. इथे डॉक्टरांना फोन करावाच लागतो आणि तो कसा करायचा याचीही एक रीत आहे. नवीन असताना मी म्हणायचे, "सर, हे नाहीये, काय करू?" पलीकडे बाहेर पंधरा रुग्ण ताटकळत असलेला माणूस. वैतागायचाच. आता मी आधी पूर्ण तयारी करते. काय नाही, किती दिवस नसेल, त्याच जातीतलं काय आहे, त्याचा तुल्य डोस किती, या रुग्णाची किडनी कशी आहे, तो बाकी काय काय घेतो. मग फोन. दीड मिनिटात काम होतं. कधी ते माझं ऐकतात, कधी म्हणतात, "नको, याला ते चालणार नाही, मागे त्रास झालाय." ती एक गोष्ट चिठ्ठीवर कुठेच नसते. म्हणून तर फोन.

काही औषधांच्या बाबतीत तर कंपनी बदलतानाही मी विचारते. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. तिथे किंचित उणंअधिक झालं तरी महिन्याभरात अंगावर दिसतं. फिटवरचं फेनिटॉइन घ्या. कॅप्सूलवर १०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते त्याच्या सोडियम क्षाराचं वजन. खरं फेनिटॉइन त्यात ९२. पातळ औषधात मात्र शुद्ध फेनिटॉइनच मोजलेलं असतं. आठाचा फरक, कुणी म्हणेल, त्यात काय एवढं! पण हे औषध विचित्र आहे. एका मर्यादेनंतर शरीर ते तितक्या वेगानं बाहेर टाकू शकत नाही, आणि डोस थोडा वाढला की रक्तातलं प्रमाण उडी मारतं.

आणि 'पर्याय आहे' या शब्दांनी फार हुरळून जाऊ नये, असं मला आता वाटतं. मुलांच्या हॉजकिन लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगाच्या, उपचारात मेक्लोरेथामिन नावाचं जुनं औषध होतं. ते तुटलं, तेव्हा त्याजागी सायक्लोफॉस्फमाइड देण्यात आलं, जे सर्वांना अगदी योग्य वाटलं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये निकाल छापून आला: दोन वर्षं आजार न उलटता राहिलेली मुलं मूळ औषधावर ८८ टक्के, पर्यायावर ७५. कुणाची चूक नव्हती. सगळ्यांनी विचार करून, उपलब्ध होतं त्यातलं उत्तम दिलं होतं.

चिठ्ठी बदलण्याचा अधिकार कुणाला, यावर प्रत्येक देशाचे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये २०१९ पासून अशी सोय आहे, की एखाद्या औषधाची गंभीर टंचाई जाहीर झाली, तर ठरवून दिलेल्या चौकटीत फार्मासिस्ट डॉक्टरांकडे परत न पाठवता बदल करून देऊ शकतो. त्या वर्षी नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिनसाठी ती वापरली गेली, २०२२ मध्ये रजोनिवृत्तीच्या हार्मोन्ससाठी एका वेळी तीनच महिन्यांचं द्यायचं असं ठरलं, आणि त्याच डिसेंबरात मुलांमध्ये घशाचा संसर्ग पसरला तेव्हा पेनिसिलिनसाठी. ऑस्ट्रेलियानंही २०२१ मध्ये अशीच व्यवस्था आणली. मला या नियमांचा हेवा वाटतो आणि धास्तीही. रात्री साडेनऊला डॉक्टरांचा फोन बंद लागतो तेव्हा हेवा. बाळाच्या बाटलीचं आठवलं की धास्ती.

पण हे सगळं 'काय द्यायचं' याबद्दल झालं. 'कुणाला द्यायचं' हा प्रश्न पुस्तकात नव्हता.

एरवी आम्ही औषध देतो. तुटवड्यात औषध वाटतो. देताना समोर एकच माणूस असतो. वाटताना पाठीमागे न दिसणारी रांग असते. २०२० च्या मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं जे झालं ते आठवा. कोरोनावर ते चालतं अशी हवा उठली आणि ज्यांना काहीही झालेलं नव्हतं ते सहा-सहा महिन्यांचा साठा मागू लागले. संधिवाताची आणि ल्युपसची (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) माणसं, जी वर्षानुवर्षं रोज ती गोळी घेत होती, ती काउंटरच्या या टोकाला चिठ्ठी धरून उभी. समोर उभा असलेला घाबरलेला माणूस खोटा नव्हता. त्याची भीती खरीच होती. पण त्याला दिलं असतं तर जिला मी 'नाही' म्हटलं असतं, ती बाई त्या क्षणी दुकानात नव्हती. न आलेल्या माणसाची बाजू घेऊन आलेल्या माणसाशी भांडायचं, हे या धंद्यातलं सर्वांत अवघड काम. त्यात शिव्याही खाव्या लागतात. खाल्ल्या.

वाटणी कशी करावी, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनकडे क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन फारच थोडं होतं. सगळ्यांना पुरणारच नव्हतं. तेव्हा संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सुचवलं, की कुणाला द्यायचं हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरू दे. १०७ रुग्ण, ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले चार दगावले, दुसऱ्या गटातले चौदा. १९४८ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि औषध पारखण्याची आजची पद्धत तिथून रुजली. म्हणजे टंचाईनंच आम्हाला नीट मोजायला शिकवलं. त्याआधी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं, तेव्हा ते इतकं कमी होतं की त्याच्या लघवीतून परत गाळून त्यालाच टोचत होते. तो सुधारत होता. पेनिसिलिन संपलं आणि तो गेला. 'संपलंय' हा शब्द उच्चारताना मला कधीकधी ती प्रयोगशाळा दिसते.

माझ्याकडे बंद पाकिटं नाहीत. मोठ्या रुग्णालयात समित्या बसतात; दुकानात मी आणि तो हसणारा मुलगा.

फिटच्या गोळ्यांचं एक खोकं एकदा मी बाजूला ठेवलं. शंभर गोळ्या, शेवटचं. खालच्या खणात, वर चिठ्ठी लावून. नेहमीच्या एक ताई होत्या, दर महिन्याच्या सुरुवातीला येणाऱ्या, त्यांच्यासाठी. रात्री दुकान आवरताना एक अनोळखी गृहस्थ आले. पाऊस होता, छत्री मोडलेली, चिठ्ठीची घडी ओली. मुलीसाठी हव्या होत्या, तीच गोळी, तीच ताकद. चार दुकानं फिरून आले होते. मी उठले, मागच्या कपाटापर्यंत गेले, खण ओढला, रिकाम्या खणात डोकावले आणि परत आले.

"नाही हो. संपलंय."

ते 'बरं' म्हणाले आणि गेले. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

फिटची गोळी एकदम तुटू नये, तुटली तर झटके परत येऊ शकतात, हे मी रोज लोकांना सांगते. हे माहीत असून मी 'नाही' म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं असं स्वतःला समजावत शटर ओढलं. ते खोकं विकलेलंच होतं ना. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, की मी सबंध खोक्याचा विचार करत होते. हे खोकं हिचं की तिचं. पण औषध काही खोक्यानं घेत नाहीत. दिवसाला दोन गोळ्या. दहा गोळ्यांची एक स्ट्रिप म्हणजे पाच दिवस. पाच दिवसांत मी आणखी चार फोन केले असते, त्यांच्या डॉक्टरांशी बोलले असते, दुसरीकडून मागवलं असतं. ताईंच्या वाट्याला नव्वद उरल्या असत्या. एवढं साधं वजाबाकीचं गणित मला काउंटरवर सुचलं नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे ओळखीचा चेहरा होता.

चौथ्या दिवशी ताई आल्या. "अहो, माझ्या भावानं दुसरीकडून तीन महिन्यांचं आणून दिलंय. हे राहू दे तुमच्याकडे, कुणाला तरी लागेल."

त्यानंतर मी वही केली. शॉर्ट असलेल्या औषधांची. औषध, ताकद, कुणाला, घरी किती दिवसांचं शिल्लक आहे, फोन नंबर. 'किती गोळ्या हव्यात' हे मी आता शेवटी विचारते. आधी विचारते, 'किती दिवसांचं आहे?' ज्याच्याकडे वीस दिवसांचं आहे त्याला थांबवता येतं, ज्याच्याकडे उद्याचंच आहे त्याला स्ट्रिप कापून देता येते. कापलेल्या स्ट्रिपवर नाव आणि एक्सपायरी राहील असं कापायचं, नाहीतर पाकिटावर हातानं लिहायचं. लोक कुरकुरतात. "पाचच दिवसांचं? परत यायचं का?" हो, परत यायचं. काहीजण समजून घेतात. काहीजण दुसरीकडे जातात आणि तिथून पुरं खोकं घेऊन मुद्दाम माझ्या दारावरून जातात.

वहीचं पहिलं पान त्या रात्रीचं आहे, मागाहून आठवून लिहिलेलं. औषधाचं नाव, ताकद, तारीख. नावाच्या जागी 'छत्रीवाले'. फोनचा रकाना कोरा.

सहा आठवड्यांनी माल आला. दोन मोठी खोकी, वितरकाचा माणूस एवढ्या थाटात घेऊन आला जणू त्यानंच बनवलंय. दुपारभर मी वही उघडून एकेकाला फोन लावले. कुणी म्हणालं, मिळालं कुठूनतरी. कुणी म्हणालं, डॉक्टरांनी बदललं, आता तेच बरं चाललंय. एकीनं विचारलं, "आत्ता येऊ का?" आणि दहा मिनिटांत आली. मुलगा गोळ्या कपाटात लावत होता. पहिल्या पानाकडे बघून त्यानं विचारलं, "मॅडम, छत्रीवाल्यांसाठी एक स्ट्रिप बाजूला ठेवू?"

"नको," मी म्हटलं, "खणातच राहू दे."